सात परस खोल जाणारा कॅमेरा

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, कशासाठी. लग्न असेल, सहल असेल, नातवंड झालं असेल, तर माणूस सांगतो आणि मोकळा होतो. मला पाण्यात चालणारा कॅमेरा हवा होता, तोही खिशात मावेल एवढा, आणि कशासाठी हवा होता ते जगात कुणालाही सांगायची सोय नव्हती. पुढचे माझे सगळे हाल या एका अडचणीतून झाले. वाचकांपासून मात्र काही लपवत नाही, कारण आता लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

झालं असं, की मी खंडोबा विहिरीत पाडला.

खंडोबा म्हणजे आमच्या देवघरातला चांदीचा टाक, पत्र्यावर घोड्यासकट उठवलेला, दोन बोटं रुंद. आमचं गाव पाथर्डीकडे, करंजीचा घाट उतरला की थोडं आत. तिथे थोरले बंधू आसारामदादा आणि झुंबरवहिनी शेती बघतात, मी नगरला सावेडीत राहून एका सरकारी ऑफिसात कारकुनी करतो. देवाचे पाचही टाक दादाकडेच असतात. घट बसायच्या आधी ते विहिरीच्या ताज्या पाण्याने उजळायचे आणि ते काम घरातल्या धाकट्याने करायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. यंदा वडिलांच्या पित्रांना गेलो तेव्हाच मी म्हटलं, टाकही उरकून घेऊ, शहरातल्या माणसाला पंधरा दिवसांत दोन खेपा होत नाहीत. पित्रांच्या दिवशी देव धुऊ नयेत असं दादा पुटपुटला. मी त्याला श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतला फरक समजावून सांगितला आणि देवाची पेटी घेऊन विहिरीवर गेलो.

चार देव नीट झाले. पाचवा लाल फडक्यातून सोडवत होतो तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसचा फोन, म्हणून मी एका हाताने खिसा चाचपला आणि दुसऱ्या हातातला खंडोबा फडक्यासकट पाण्यात गेला. विहीर यंदाच्या पावसाने चांगली भरलेली. बुळुक एवढाच आवाज झाला. फोन घेतला, तर साहेब विचारत होते की स्टेपलरच्या पिना कुठल्या खणात आहेत. मी खण सांगितला. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

खरं म्हणजे लगेच घरी जाऊन 'वहिनी, पाडला' एवढे दोन शब्द सांगायचे होते. पण वहिनी म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि आई अंथरुणाला खिळलेली होती. माझा डबा, माझी शाळा, माझ्या डोक्यातल्या उवा, सगळं तिनेच बघितलं. मला टायफॉइड झाला तेव्हा हाच खंडोबा तिने माझ्या उशाशी ठेवला आणि मी भात मागेपर्यंत उपास धरला. आता मी बावन्न वर्षांचा आहे, अर्ध्या तासापूर्वी अंगणात उभा राहून अंधश्रद्धेवर बोललेलो आहे, आणि तोच देव मी पिनांच्या नादात बुडवला आहे. ते दोन शब्द मी विहिरीवरच ठेवले.

म्हणून मी एक हुशारी केली. दादाची चुन्याची डबी विहिरीच्या काठावर पडली होती. तिचं झाकण जवळजवळ टाकाएवढंच. ते काढलं, माझ्या निळ्या चौकड्याच्या रुमालात गुंडाळलं आणि पेटीत चार देवांच्या शेजारी ठेवून दिलं. वहिनीला म्हटलं, एक फडकं फाटलं होतं, रुमालात बांधलंय, आता घट बसेपर्यंत पेटी उघडू नका. तिने माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाली. घट बसायला बारा दिवस होते.

आता कुणी म्हणेल, विहिरीत पडलेली वस्तू काढायला गळ असतो की. असतो. लोखंडी कड्याला चहूबाजूंनी आकडे, दोराने खाली सोडायचा आणि तळ चाचपायचा. आमच्या गावात तो एकट्या रंगुबाईकडे आहे, तिच्या सासूच्या सासूपासून. पण रंगुबाईचा गळ फुकट मिळत नाही. त्याचे नियम आहेत. काय पडलं ते तिच्या ओट्यावर उभं राहून खरं सांगायचं, आणि गळ परत येईपर्यंत घरातलं एक भांडं तिच्याकडे ठेवायचं. परत करतानाचाही काहीतरी नियम आहे, पण तो आठवण्याएवढा मी त्या विषयात पुढे गेलो नव्हतो. रंगुबाईला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. पोहणारा उतरवला तरी तेच, मोटारी लावून विहीर उपसली तरी तेच. तेव्हा शास्त्रीय पद्धतीने जायचं मी ठरवलं. आधी कॅमेरा सोडून टाक नेमका कुठे आहे ते बघायचं, मग दोरीला लोहचुंबक बांधून अलगद वर घ्यायचा. चांदीला चुंबक लागत नाही हे मला नंतर कळलं. हुशार माणसाचं असंच असतं, तो एका वेळी एकच चूक बघतो.

पहिला प्रश्न खोलीचा आला. हे कॅमेरे मीटरवर विकले जातात, कुणी दहा मीटर जातो, कुणी पंधरा, कुणी वीस. दादाला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, आपली विहीर किती खोल रे. तो म्हणाला, सात परस. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. पण कोणता माणूस? विहीर आमचे आजोबा राधाकृष्ण यांनी खणलेली, आणि ते दारातून वाकून आत येत असत. मी भिंतीला टेकून हात वर केला आणि मुलीला, संस्कृतीला, टेप धरायला लावली. माझ्या परसाने विहीर चौदा मीटर भरली आणि आजोबांच्या परसाने सोळाच्या वर गेली. पंधरा मीटरचा कॅमेरा माझ्या विहिरीला चालला असता, आजोबांच्या नाही. घराण्याची उंची पिढीगणिक कमी होत गेल्याचा असा जाच यापूर्वी झाला नव्हता. शेवटी वीस मीटरवाला बघायचं ठरलं. विहिरीतलं पाणी वरून एक परस खाली असतं आणि तेवढं वजा करायला हवं होतं, हे पैसे भरल्यावर लक्षात आलं.

इकडे दादाने विहिरीच्या खोलीच्या चौकशीचा भलताच अर्थ लावला. त्या दिवशी त्याने रुपालीला, म्हणजे माझ्या बायकोला, दोनदा फोन करून घरात काही भांडण आहे का ते विचारलं. दुसऱ्या फोनच्या शेवटी आपल्या चुन्याच्या डबीचं झाकण कुणी नेलं, अशीही तक्रार केली.

रुपालीने मला धरलं. भिंतीला टेकून हात वर काय करता, खोली काय विचारता, पाण्यातले कॅमेरे काय बघता. मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्याचा तिने जो अर्थ लावला तो फार गोड होता. नोव्हेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या संध्याकाळी आमटीत खोबरं जास्त होतं, आणि दुसऱ्या दिवशी घरात रुंद काठाची गवती हॅट आली.

हॅटमुळे बातमी शेजारी काकासाहेबांकडे गेली. काकासाहेब साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीचं मार्गदर्शन करतात. ते चहाला आले आणि कॅमेऱ्याची चौकशी करू लागले. त्यांच्या मते हल्लीच्या मोबाईलला प्लास्टिकची पिशवी घातली की काम होतं, वेगळा कॅमेरा घेणं हा शहाणपणा नव्हे. मी म्हटलं, पिशवी खोलात टिकत नाही. किती खोल जाणार, त्यांनी विचारलं. सोळा मीटर, माझ्या तोंडून गेलं. काकासाहेबांनी कप खाली ठेवला. एवढं खोल म्हणजे कोकण नाही, अंदमानच, असा त्यांनी निकाल दिला. दोन दिवसांत सोसायटीतल्या बायका रुपालीला बोट लागू नये म्हणून आवळ्याची सुपारी आणून देऊ लागल्या. मी नाही म्हणालो की लोक माझ्या खांद्यावर थाप मारायचे आणि सरप्राइज आहे वाटतं, असं म्हणायचे.

ऑफिसात त्याहून वाईट झालं. जेवणाच्या सुट्टीत मी माहितीपत्रक वाचत होतो, ते साहेबांनी मागून बघितलं. आपल्यालाही अतिवृष्टीच्या पंचनाम्याला असा कॅमेरा हवाच आहे, ते म्हणाले, आणि तुमचा अभ्यास दिसतो. दुपारी साडेचारला 'जलरोधक छायाचित्रण उपकरण खरेदी समिती' स्थापन झाली. तिचा सदस्य सचिव मी. समितीची पहिली बैठक उपकरण किती जलरोधक असावं यावर झाली. एक सदस्य म्हणाले, पंचनामा गुडघाभर पाण्यात होतो, तेवढं पुरे. दुसरे म्हणाले, अधिकारी गुडघाभर पाण्यात पडला तर उपकरण बुडतं, म्हणून अधिकारी पडल्यावर होणारी खोली धरावी. इतिवृत्त मी लिहिलं. त्या धांदलीत मी रजा मागायला गेलो, तर साहेब म्हणाले, तीन दरपत्रकं आल्याशिवाय सचिवाला रजा नाही. माझ्या खंडोबासाठी मला तीन दुकानदारांचे शिक्के लागत होते. ते गोळा करण्यात आठ दिवस गेले.

कॅमेरा संस्कृतीने निवडला. रात्रंदिवस लोकांचे अभिप्राय वाचून तिने तीन उरवले आणि मला विचारलं, बाबा, तुम्हाला प्रवाळ बघायचं आहे की मासे. मी म्हटलं, तळ. ती म्हणाली, मग दिवा असलेला घ्या, तळाला अंधार असतो. हे एक वाक्य सोडलं तर त्या पंधरवड्यात मला कुणीच कामाचं काही सांगितलं नाही. रंग निवडायचा होता. मी लाल निवडला, पाण्यात दिसावा म्हणून. रुपालीला वाटलं, तिच्या साडीवर जाईल म्हणून.

खोकं आलं त्या दिवशी आमच्या बाथरूममध्ये चाचणी झाली. भरलेल्या बादलीत कॅमेरा सोडला आणि काकासाहेब घड्याळ घेऊन दारात उभे राहिले. कॅमेरा बुडेचना. त्याच्यासोबत नारिंगी रंगाचा एक फुगीर पट्टा मोफत आला होता, हातातून सुटला तर वर तरंगावा म्हणून, आणि रुपालीने तो हौसेने बांधला होता. सगळ्यांनी या सोयीचं कौतुक केलं. तरंगणाऱ्या वस्तूचं मला मुळीच कौतुक वाटत नव्हतं.

दरपत्रकं जमली तेव्हा घट बसायला एक दिवस उरला होता. एका दिवसाची रजा टाकून मी पाथर्डीच्या गाडीत बसलो. घरी क्षेत्रपाहणी आहे म्हणून सांगितलं, जे शब्दशः खरं होतं. घरात शिरलो तेव्हा वहिनी देवघर सारवत होती. तिने मला पाणी दिलं ते प्लास्टिकच्या जगातून, स्टीलच्या पेल्यात. आमच्या घरी पाणी पितळेच्या तांब्यातून मिळतं, वहिनीच्या माहेरचा तांब्या आहे, मी तोंडाला लावून पाणी पितो म्हणून लहानपणी कितीदा बोलणी खाल्लीत. क्षणभर वाटलं विचारावं. पण ज्याच्या रुमालात चुन्याचं झाकण आहे त्याने दुसऱ्याची भांडी मोजू नयेत. वहिनीने मात्र विचारलं.

"भावजी, काय सांगायचं हाय का?"

मी म्हटलं, नाही, ऊन फार आहे. ती पुन्हा सारवायला लागली.

दुपारी दादा झोपल्यावर मी विहिरीवर गेलो. नारिंगी पट्टा सोडला, कॅमेऱ्याला सुतळीने अर्धी वीट बांधली, वर नायलॉनची दोरी लावली, दिवा चालू केला, चित्रीकरणाचं बटण दाबलं आणि पायरीवर बसून सोडायला लागलो. कॅमेरा लाल ठिपका होऊन हिरव्या पाण्यात गेला. मग ठिपकाही दिसेना. हाताला नुसती दोरी जात होती, आणि बटण दाबल्यापासून मी तोंडाने काय काय म्हणत होतो ते मला तेव्हा कळत नव्हतं. तळाला वीट टेकली तेव्हा हलकं वाटलं. चारी बाजूंना फिरवला. मग ओढायला लागलो, तर दोरी फारच हलकी येऊ लागली. टोक वर आलं तेव्हा त्याला काहीच नव्हतं. नायलॉनच्या दोरीला साधी गाठ बसत नाही, हे मी शेतकऱ्याचा मुलगा असून विसरलो होतो.

आता विहिरीत देवही होता आणि कॅमेराही. मी पायरीवर किती वेळ बसलो सांगता येत नाही. एका बेडकाने माझ्याकडे बघितलं आणि उडी मारली, एवढं आठवतं. उद्या घट बसणार, वहिनी पेटी उघडणार, माझा रुमाल सोडणार. माझ्याकडे आता कॅमेराही नव्हता, युक्तीही नव्हती. मला खरोखर रडू आलं. मग मी डोळे पुसले आणि रंगुबाईच्या घराकडे चालायला लागलो, वाटेत ठरवत की सध्या फक्त कॅमेरा सांगावा. देवाचं पुढे बघू.

रंगुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. चार बाया शेजारी होत्या. मी म्हटलं, मावशी, गळ पाहिजे होता, विहिरीत कॅमेरा पडलाय.

"क्यामेरा?" ती म्हणाली आणि शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "आन टाक?"

चारही बायांनी फोडणं थांबवलं. मी विचारलं, कसला टाक.

"गळ माज्याकडं न्हाई रं लेकरा. अकरा दिस झालं, तुज्याच घरी हाय. झुंबरनं नेलाय. तू गेलास त्याच दिशी. म्हनली, धाकल्या भावजीच्या हातनं खंडोबा पडला. फडकं आकड्याला गावलं, पयल्याच खेपंला निघाला. त्यो बग तिचा तांब्या."

कोनाड्यात वहिनीचा माहेरचा तांब्या ठेवलेला होता, चिंचेने घासून लख्ख. मग वहिनीने गळ आणून का दिला नाही, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"ती कशी आनंल? ज्येच्या हातनं पडलं त्येनंच गळ माघारी आनायचा असतो. न्हाईतर पुन्ना पडतं. मी तिला म्हनलं, न्हे तांब्या तुजा, तुला पानी प्याला लागंल. म्हनली, राहू द्या आत्याबाई, ते येतील."

तर अकरा दिवस वहिनी प्लास्टिकच्या जगातून पाणी पीत होती. मी सावेडीत भिंतीला टेकून आजोबांची उंची मोजत होतो, समितीचं इतिवृत्त लिहीत होतो, आणि ती इथे माझी वाट बघत होती. लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, लाजेच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. देव वर होता. छातीवरचं सात परस पाणी एकदम उतरलं आणि मला रंगुबाईच्या ओट्यावर चार बायांसमोर हसू फुटलं. त्यांनी लगेच माझ्यासमोर शेंगा ठेवल्या.

घरी आलो तर वहिनी चौकटीत बसली होती आणि गळ तिच्या पायाशी होता. मी म्हटलं, वहिनी, पाडला. ती म्हणाली, ठावं हाय. मग पदराला हात पुसत पुढे म्हणाली, "देवाच्या पेटीत चुन्याचं झाकन. मी सोडलं आन इतकी हासले, का ह्यांना वाटलं मला येड लागलं. मग वाईट वाटलं. म्हनलं, आपल्याला सांगायला भ्यालं लेकरू."

बावन्नाव्या वर्षी कुणी लेकरू म्हटलं तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मी नुसता तिच्या पायाशी बसलो. आतून दादाने विचारलं, झाकण तिथे होतं तर मला अकरा दिवस का नाही सांगितलं. मी कॅमेऱ्याचंही सांगून टाकलं आणि वहिनीने गळ त्याच्या हातात दिला.

कॅमेरा दादाने काढला. तिसऱ्या खेपेला आकड्यात सुतळी आली आणि विटेसकट लाल कॅमेरा वर आला, दिवा चालू, आत थेंब नाही. वीस मीटरवाला घेतल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा समाधान झालं. तिघांनी ओट्यावर बसून चित्रीकरण बघितलं. तळ कसला दिसतोय, गाळच गाळ. पण सुरुवातीचा भाग स्वच्छ होता. पाण्यात जाण्याआधी कॅमेऱ्याने माझा चेहरा टिपला होता, घामाने थबथबलेला, आणि माझा आवाजही घेतला होता. खंडेराया, वर ये, वहिनीला कळायच्या आत वर ये, तुझ्यावर कधी भाषण करणार नाही, रुपालीला अंदमानला नेतो, समितीचा राजीनामा देतो. दादाने ते तीन वेळा लावलं. वहिनी म्हणाली, देवासमोर बोललेलं फिरवता येत नसतं, रुपालीला ऐकवा. मी फोन लावला. रुपालीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की म्हणजे अंदमान तेव्हा ठरलेलं नव्हतं, आता ठरलं का. मी हो म्हणालो. साहेबांनी राजीनामा मात्र स्वीकारला नाही, राजीनाम्यालाही तीन प्रती लागतात.

दिवस कलायच्या आत मी गळ खांद्यावर घेऊन पुन्हा रंगुबाईकडे गेलो. आता ओट्यावर चार नाही, वीसेक माणसं होती. रंगुबाईने रीतीप्रमाणे गळ हातात घेतला, आकडे मोजले आणि जणू काही ठाऊकच नसल्यासारखं विचारलं.

"काय पडलं हुतं?"

"देवाचा टाक," मी म्हणालो. "माझ्या हातनं."

तिने कोनाड्यातून तांब्या काढून माझ्या हातात दिला. कुणी हसलं नाही. वाटेत हापशावर मी तो भरून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून घरी आणला, न सांडता. वहिनी देवघरात पाच फडकी उलगडून बसली होती, चार लाल आणि एक निळ्या चौकड्याचं. खंडोबा माझ्याच रुमालात होता. मी तांब्या पुढे केला. तिने आधी देवावर पळीभर पाणी घातलं आणि मग तांब्या माझ्याकडे परत दिला.

"घ्या भावजी," ती म्हणाली. "आज तोंड लावून प्या."